कोरा सर्व्हर आणि बूटेबल पेनड्राइव्ह : प्रस्तावना

सर्व्हर व्हर्च्युअलायझेशन म्हणजे एकाच यंत्राचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांची अशी वाटणी करणे, की त्या यंत्रावर परस्परांपासून विलग असलेले अनेक संगणक चालावेत आणि त्यांपैकी प्रत्येकाला ते यंत्र आपल्या एकट्याचेच आहे असे वाटावे. ही वाटणी सांभाळणाऱ्या प्रणालीला हायपरव्हायझर म्हणतात, तिच्यावर चालणाऱ्या प्रत्येक आभासी संगणकाला व्हीएम, आणि ज्या प्रत्यक्ष यंत्रावर हे सारे उभे राहते त्याला होस्ट. आयबीएमने १९६० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथील आपल्या केंद्रात हा विचार मोठ्या संगणकांवर प्रत्यक्षात आणला आणि १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने तो ग्राहकांपर्यंत नेला. पुढे १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी कोणत्या प्रोसेसरची अशी वाटणी करता येईल याच्या काटेकोर अटी मांडल्या. एक्स८६ घराण्यातले प्रोसेसर या अटींना दीर्घकाळ उतरत नव्हते. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने अडचणीच्या आज्ञा चालता चालता बदलून घेण्याची युक्ती वापरून ती उणीव सॉफ्टवेअरमध्ये भरून काढली, आणि २००५-०६ मध्ये इंटेलची व्हीटी-एक्स व एएमडीची एएमडी-व्ही ही सोय थेट प्रोसेसरमध्ये आल्यावर हे तंत्र सामान्य किमतीच्या सर्व्हरवरही सुखाने चालू लागले. २००७ साली केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात सामील झाले, आणि २००८ साली व्हिएन्नातील एका कंपनीने डेबियन लिनक्स व केव्हीएम यांच्या आधाराने रचलेली प्रॉक्समॉक्स व्हीई ही प्रणाली खुली केली.

या साऱ्या इमारतीविषयी विपुल लिहिले गेले आहे. मात्र हायपरव्हायझर कोऱ्या सर्व्हरवर पहिल्यांदा पोहोचतो कसा, या प्रश्नाला बहुतेक ग्रंथांत अर्धे पान मिळते आणि तेही एखाद्या साधनाची चार बटणे दाखवण्यात संपते. बूटेबल पेनड्राइव्ह तयार करणे हे किरकोळ काम समजले जाते, म्हणून ते समजून घेतले जात नाही; आणि समजून न घेतल्यामुळे एका प्रणालीसाठी नीट चाललेली कृती दुसऱ्या प्रणालीसाठी का फसते, याचा उलगडा होत नाही. प्रस्तुत विवेचनाची भूमिका अशी आहे, की पेनड्राइव्ह हा फाइली नेण्याचा डबा नसून सर्व्हरच्या फर्मवेअरशी ठरलेल्या संकेतांत बोलणारे माध्यम आहे, आणि ते संकेत कळले की साधने आपोआप आपल्या जागी बसतात.

सर्व्हरला वीज मिळते तेव्हा त्याच्या डिस्कवर काहीही नसले तरी मदरबोर्डवरील चिपमध्ये एक छोटा प्रोग्रॅम असतोच. त्याला फर्मवेअर म्हणतात. जुन्या पिढीतले फर्मवेअर म्हणजे बायोस. बायोसला फाइल, फोल्डर, फॉर्मॅट यांपैकी कशाचीही ओळख नसते. तो माध्यमाचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, उचलून मेमरीत एका ठरलेल्या जागी ठेवतो, त्याच्या शेवटच्या दोन बाइटांत ठरलेली खूण आहे का ते पाहतो आणि कारभार त्या सेक्टरातील कोडच्या हाती सोपवतो. या सेक्टरला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. त्यात कोडसाठी जेमतेम ४४६ बाइट असतात, पुढील ६४ बाइटांत चार पार्टिशनांची नोंद असते आणि उरलेल्या दोन बाइटांत ती खूण. एवढ्याशा जागेत हायपरव्हायझर मावणे शक्यच नसल्यामुळे तो कोड फक्त पुढचा, थोडा मोठा प्रोग्रॅम कोठे आहे हे शोधतो, आणि तो पुढचा प्रोग्रॅम त्याहून मोठ्याला बोलावतो. या क्रमाने एकाने दुसऱ्याला उठवण्याच्या प्रक्रियेला बूट होणे म्हणतात आणि ती सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमला बूटलोडर.

नव्या पिढीतले फर्मवेअर म्हणजे यूईएफआय. इंटेलने इटॅनियम प्रोसेसरसाठी सुरू केलेल्या कामातून ते उगवले आणि २००५ पासून अनेक कंपन्यांच्या सामाईक मंचाकडे त्याची जबाबदारी गेली. बायोसपेक्षा ते कितीतरी जाणते आहे: त्याला फॅट ही फाइल प्रणाली वाचता येते, आणि काढता-घालता येण्याजोगे माध्यम समोर आले की ते त्यावरील ‘ईएफआय’ फोल्डरातील ‘बूट’ फोल्डरात ‘बूटएक्स६४.ईएफआय’ या नावाची फाइल शोधते व सापडताच ती चालवते. म्हणजे बायोससाठी महत्त्व असते ते बाइट नेमक्या जागी असण्याला, तर यूईएफआयसाठी फाइल नेमक्या नावाने असण्याला. बूटेबल पेनड्राइव्हच्या बाबतीत होणाऱ्या गोंधळांपैकी निम्म्याहून अधिक गोंधळ या एका फरकाकडे दुर्लक्ष केल्याने होतात असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

यात भर पडते ती आयएसओ फाइलच्या पूर्वेतिहासाची. हायपरव्हायझर ज्या रूपात डाउनलोड होतो ती आयएसओ फाइल मुळात सीडीची हुबेहूब प्रत असते; आयएसओ ९६६० हे १९८८ सालचे मानक सीडीवरील फाइलींची मांडणी ठरवते आणि त्याच्या नावावरूनच या फाइलींना आयएसओ म्हणण्याची पद्धत रूढ झाली. सीडीचा सेक्टर २०४८ बाइटांचा असतो, हार्डडिस्कप्रमाणे ५१२ बाइटांचा नव्हे, त्यामुळे सीडीवरून बूट होण्याची तऱ्हाही निराळी ठरवावी लागली. १९९५ साली फीनिक्स आणि आयबीएम यांनी मिळून मांडलेला ‘एल टोरिटो’ हा त्यासाठीचा संकेत आजही आयएसओ फाइलींत आढळतो. पेनड्राइव्ह मात्र फर्मवेअरला सीडीसारखा दिसत नाही, तो हार्डडिस्कसारखा दिसतो. साहजिकच केवळ सीडीसाठी बनवलेली आयएसओ पेनड्राइव्हवर जशीच्या तशी उतरवली, तर बायोस पहिल्या सेक्टरात कोड शोधतो, तेथे त्याला शून्ये सापडतात आणि पडद्यावर बूट होण्याजोगे माध्यम नसल्याचा संदेश उमटतो.

या अडचणीवर निघालेला तोडगा फार देखणा आहे. आयएसओ ९६६० मानकाने माध्यमाचे पहिले सोळा सेक्टर, म्हणजे ३२,७६८ बाइट, मोकळे सोडले आहेत. सीडी वाचणारी प्रणाली त्यांच्याकडे पाहतच नाही. लिनक्स जगतातील प्रोग्रॅमरांनी, विशेषतः सिसलिनक्स हा बूटलोडर घडवणाऱ्या हान्स पीटर अँव्हिन यांनी, याच मोकळ्या जागेत मास्टर बूट रेकॉर्ड आणि पार्टिशनांची नोंद बसवण्याची पद्धत रूढ केली. अशा आयएसओला संकरित किंवा हायब्रिड आयएसओ म्हणतात. सीडीवर टाकली की ती सीडी असते, पेनड्राइव्हवर बाइटागणिक उतरवली की ती हार्डडिस्क असते, आणि त्यातच फॅटचे एक छोटे पार्टिशन समाविष्ट केले की यूईएफआयलाही आपली फाइल मिळते. एकाच फाइलने तीन वेगवेगळ्या श्रोत्यांना त्यांच्या त्यांच्या भाषेत उत्तर द्यावे, ही रचना ज्याने एकदा लक्षपूर्वक पाहिली त्याला तिच्यामागची कारागिरी विसरता येणार नाही.

यावरून पेनड्राइव्ह तयार करण्याच्या दोन वाटा निघतात. पहिल्या वाटेत आयएसओचा प्रत्येक बाइट पहिल्यापासून शेवटपर्यंत पेनड्राइव्हच्या पहिल्या सेक्टरापासून पुढे लिहिला जातो. युनिक्सच्या जुन्या ‘डीडी’ आज्ञेवरून या पद्धतीला डीडी मोड म्हणतात. दुसऱ्या वाटेत पेनड्राइव्ह आधी फॅट३२ मध्ये फॉर्मॅट केला जातो, आयएसओमधल्या फाइली त्यावर सुट्या करून ठेवल्या जातात आणि गरजेप्रमाणे निराळा बूटलोडर बसवला जातो. प्रॉक्समॉक्स व्हीईची आयएसओ हायब्रिड असल्यामुळे तिच्यासाठी पहिली वाट योग्य ठरते. विंडोजवर रूफस हे साधन वापरणाऱ्याला मध्येच ग्रब बूटलोडरची दुसरी आवृत्ती उतरवून घेण्याविषयी विचारले जाते, तेव्हा नकार द्यावा आणि पुढच्या चौकटीत डीडी मोड निवडावा, असे प्रॉक्समॉक्सच्या अधिकृत पुस्तिकेत सांगितले आहे. यूनेटबूटिन हे साधन या आयएसओसाठी चालत नाही हेही तेथे स्पष्ट लिहिले आहे. कारण उघड आहे. यूनेटबूटिन फाइली सुट्या करून आपला बूटलोडर बसवते, आणि त्या खटाटोपात प्रॉक्समॉक्सच्या रचनाकारांनी आखलेली मांडणी मोडते.

व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय या हायपरव्हायझरच्या पुस्तिकेत मात्र दुसरी वाट सांगितलेली आढळते. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉर्मॅट करावा, त्यावर सिसलिनक्स बसवावा, आयएसओतील सर्व फाइली उतरवाव्यात, ‘आयसोलिनक्स’ नावाच्या मांडणी फाइलीला ‘सिसलिनक्स’ हे नाव द्यावे आणि तिच्यातील एका ओळीच्या शेवटी पार्टिशनचा क्रमांक जोडावा, असा तो क्रम आहे. वरवर पाहता ही जुन्या काळातली कसरत वाटते, पण बायोस आणि बूटलोडर यांचे नाते ध्यानात घेतले की प्रत्येक पायरीचे कारण दिसते: नाव बदलायचे, कारण सीडीवरचा बूटलोडर आणि डिस्कवरचा बूटलोडर आपापल्या नावाची मांडणी फाइल शोधतात, क्रमांक जोडायचा, कारण डिस्कला पार्टिशने असतात आणि सीडीला नसतात. रूफससारखी साधने हा सारा क्रम एका बटणामागे उरकतात, ही त्यांची मोठीच सेवा आहे. तरीही साधनाने काय केले हे ज्याला ठाऊक आहे, तोच साधन अडल्यावर पुढे जाऊ शकतो.

मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या हायपरव्हायझरसाठी विंडोज सर्व्हरचा पेनड्राइव्ह करताना आणखी एक निराळी अडचण समोर येते. फॅट३२ मध्ये कोणत्याही एका फाइलीचा आकार ४ जीबीपेक्षा एक बाइट कमी, इतकाच असू शकतो, आणि अलीकडच्या विंडोज सर्व्हरमधील ‘इन्स्टॉल.विम’ ही मुख्य फाइल बहुधा त्याहून मोठी असते. एनटीएफएस ही फाइल प्रणाली वापरावी तर यूईएफआयला ती वाचता येईलच असे नाही. म्हणून एकतर ती फाइल मायक्रोसॉफ्टच्याच ‘डिझम’ आज्ञेने तुकड्यांत विभागली जाते, किंवा रूफसप्रमाणे एनटीएफएस वाचणारा छोटा ड्रायव्हर निराळ्या फॅट पार्टिशनमध्ये ठेवून यूईएफआयची अडचण दूर केली जाते. २०२० पासून प्रचारात आलेले व्हेंटॉय हे साधन तिसराच मार्ग काढते: पेनड्राइव्हवर अनेक आयएसओ फाइली जशाच्या तशा ठेवता येतात आणि बूट होताना सूचीतून हवी ती निवडता येते. शिकण्याच्या जागी, प्रयोगशाळेत, ही सोय अतिशय मोलाची आहे; मात्र प्रत्यक्ष कामाच्या सर्व्हरसाठी एका पेनड्राइव्हवर एकच आयएसओ हीच शिस्त अधिक सुरक्षित, कारण मध्ये येणारा प्रत्येक जादा थर हा तपासण्याचा आणखी एक विषय असतो.

डीडी आज्ञेविषयी एक सूचना पुनःपुन्हा देणे भाग आहे. ही आज्ञा काहीही विचारत नाही. लिनक्समध्ये पेनड्राइव्हला ‘एसडीबी’ किंवा ‘एसडीसी’ अशी नावे मिळतात, ती जोडणीच्या क्रमानुसार बदलतात, आणि एका अक्षराच्या चुकीने पेनड्राइव्हऐवजी चालत्या डिस्कवरील माहिती पुसली जाते. पेनड्राइव्ह लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर डिस्कांची यादी घ्यावी, दोन याद्यांतील फरकावरून नाव ठरवावे, आकार ताडून पाहावा आणि मगच आज्ञा द्यावी. नाव पूर्ण डिस्कचे द्यायचे असते, तिच्यावरील पार्टिशनचे नाही. ‘एसडीबी१’ असे लिहिले तर बाइट पहिल्या सेक्टरापासून न जाता पार्टिशनच्या आत जातात आणि फर्मवेअरला काहीच सापडत नाही. शिवाय लिनक्स लिहिण्याचे काम आधी मेमरीत साठवतो आणि सवडीने पेनड्राइव्हवर उतरवतो, त्यामुळे आज्ञा संपल्याचे दिसले तरी शेवटचे काही मेगाबाइट वाटेतच असू शकतात. याचसाठी प्रॉक्समॉक्सच्या पुस्तिकेतील आज्ञेत ‘एफडेटासिंक’ हा पर्याय दिलेला असतो, जो सारे बाइट माध्यमावर पोहोचल्याशिवाय आज्ञा पूर्ण झाली असे मानत नाही. डीडी पद्धतीने तयार झालेला पेनड्राइव्ह विंडोजमध्ये लावला, की तो फॉर्मॅट करण्याची सूचना पुष्कळदा येते. ती मान्य करू नये. विंडोजला त्यावर ओळखीचे पार्टिशन दिसत नाही एवढाच तिचा अर्थ असतो. पेनड्राइव्ह बिघडलेला नसतो.

आता या विषयाच्या सर्वांत गंभीर अंगाकडे वळणे प्राप्त आहे. व्हीएममध्ये शिरलेली घातक आज्ञावली त्या व्हीएमपुरती कोंडता येण्याची आशा असते, परंतु हायपरव्हायझर सर्व व्हीएमच्या खाली बसलेला असल्यामुळे तो स्वतःच दूषित असेल, तर वरच्या एकाही प्रणालीला त्याचा पत्ता लागत नाही आणि त्या सर्वांची मेमरी व डिस्क त्याला उघड असते. म्हणून आयएसओ खरी आहे की नाही याची खातरजमा हा या कामाचा गाभा आहे. एसएचए-२५६ ही गणिती क्रिया कोणत्याही फाइलीपासून २५६ बिटांचा, म्हणजे ६४ षोडशमान अंकांचा, एक ठसा काढते. फाइलीतील एक बिट बदलला तरी ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो. उतरवलेल्या आयएसओचा ठसा निर्मात्याने जाहीर केलेल्या ठशाशी जुळवून पाहण्यास काही सेकंद पुरतात. तथापि ठसा आणि फाइल एकाच ठिकाणाहून घेतल्यास, त्या ठिकाणी घुसलेला मनुष्य दोन्ही बदलू शकतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंट या प्रणालीच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि डाउनलोडचा दुवा मागच्या दाराने प्रवेश देणाऱ्या बनावट आयएसओकडे वळवला गेला, ही नोंदलेली घटना आहे. या धोक्यावरचा उपाय म्हणजे अंकीय स्वाक्षरी, जिची गुप्त किल्ली संकेतस्थळावर ठेवलेली नसते. जेथे निर्माता स्वाक्षरी देतो तेथे ती तपासलीच पाहिजे.

एवढ्यावरही तपासणी पूर्ण होत नाही, कारण आतापर्यंत तपासली गेली ती संगणकावरची फाइल. सर्व्हरला लागणार आहे तो पेनड्राइव्ह. बाजारात क्षमता खोटी दाखवणारे पेनड्राइव्ह सर्रास मिळतात: कंट्रोलर ६४ जीबी सांगतो, आत चिप ८ जीबीची असते, आणि मर्यादेपलीकडे लिहिलेले बाइट निमूटपणे हरवतात. अस्सल पेनड्राइव्हमधील सेलही झिजतात. डीडी पद्धतीत याची परीक्षा सोपी आहे: आयएसओच्या आकाराइतके बाइट पेनड्राइव्हवरून परत वाचावेत, त्यांचा ठसा काढावा आणि मूळ ठशाशी ताडावा. इन्स्टॉलेशन अर्ध्यावर अडखळण्याच्या, फाइल वाचता न आल्याच्या, विचित्र जागी पडदा गोठण्याच्या कितीतरी तक्रारींचे मूळ या न केलेल्या परीक्षेत असते आणि दोष मात्र हायपरव्हायझरला किंवा सर्व्हरला दिला जातो.

सर्व्हरच्या बाजूची तयारी थोडक्यात सांगता येते. फर्मवेअरमध्ये व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही सुरू असावे, अन्यथा इन्स्टॉलर तशी सूचना देतो. बूट पद्धत यूईएफआय की जुनी बायोस हे आधी ठरवावे आणि पेनड्राइव्ह त्याच पद्धतीने उठवावा. जुन्या पद्धतीच्या पार्टिशन नोंदीला ५१२ बाइटांच्या सेक्टरवर २ टीबीपलीकडे जाता येत नाही, हे यूईएफआय निवडण्याचे एक ठोस कारण आहे. फक्त विश्वासार्ह स्वाक्षरी असलेला बूटलोडर चालू देणारी सिक्युअर बूट ही सोय प्रॉक्समॉक्सने नोव्हेंबर २०२३ मधील ८.१ आवृत्तीपासून स्वीकारली; त्यापूर्वीच्या पेनड्राइव्हसाठी ती बंद ठेवावी लागे.

मोठ्या डेटा सेंटरमध्ये सर्व्हर नेटवर्कवरून पीएक्सई पद्धतीने उठवले जातात, अथवा आयड्रॅक व आयएलओ यांसारख्या दूरनियंत्रण यंत्रणेतून आयएसओ आभासी सीडी म्हणून जोडली जाते. मग पेनड्राइव्हचे प्रयोजन उरते कोठे? ते उरते जेथे नेटवर्क अजून उभे राहिलेले नाही तेथे, कारण पीएक्सईसाठी लागणारा सर्व्हरही कोणीतरी आधी बसवलेला असावा लागतो; आणि ते उरते तालुक्याच्या महाविद्यालयात, पतसंस्थेच्या मुख्य शाखेत, साखर कारखान्याच्या कार्यालयात, जेथे दोन-तीन सर्व्हर असतात आणि दूरनियंत्रणाचा परवाना विकत घेणे परवडत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतले, त्यानंतर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबून वर्गणीची पद्धत आली, आणि जगभरातील लहान-मध्यम संस्थांपुढे दुसऱ्या हायपरव्हायझरचा विचार करण्याची वेळ आली. असे स्थलांतर प्रत्यक्षात सुरू होते ते कोणीतरी नवा पेनड्राइव्ह तयार करून एक होस्ट मोकळा करतो तेव्हा. हे काम करणाऱ्या मराठी तंत्रज्ञाला त्याचे शास्त्र त्याच्या भाषेत उपलब्ध असणे ही सोयीपेक्षा अधिक मोठी, हक्काची गोष्ट आहे.

पेनड्राइव्हवरून हायपरव्हायझर बसवणे आणि पेनड्राइव्हवर हायपरव्हायझर बसवणे यांतील भेद शेवटी नोंदवला पाहिजे. डिसेंबर २००७ पासून ईएसएक्सआय इतक्या आटोपशीर रूपात मिळू लागले, की सर्व्हर बनवणाऱ्या कंपन्या मदरबोर्डवरच त्यासाठी यूएसबी किंवा एसडी कार्डाची जागा देऊ लागल्या. प्रणाली मेमरीत उतरून चालत असल्याने माध्यमावर फारसे लेखन होत नसे आणि ही व्यवस्था वर्षानुवर्षे टिकली. २०२० मधील ७.० आवृत्तीने डिस्कची मांडणी बदलली, नोंदी आणि प्रणालीची माहिती एका मोठ्या, सतत लिहिल्या जाणाऱ्या भागात एकत्र आली, आणि तितके लेखन सोसण्याची ताकद नसलेली एसडी कार्डे व पेनड्राइव्ह झपाट्याने निकामी होऊ लागल्यावर व्हीएमवेअरने केवळ त्यांच्यावर विसंबण्याची पद्धत कालबाह्य ठरवली. प्रॉक्समॉक्सही आपल्या मांडणीच्या आणि मोजमापांच्या नोंदी सतत लिहीत असतो, त्यामुळे त्याचे घर एसएसडीवरच असावे.

इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह मात्र जपून ठेवण्याजोगा असतो, कारण होस्ट कोसळल्यावर दुरुस्तीसाठी तोच प्रथम लागतो. फक्त तो अमर नसतो. जुन्या आयएसओत नव्या नेटवर्क कार्डाचे ड्रायव्हर नसतात आणि ईएसएक्सआयचा इन्स्टॉलर ओळखीचे नेटवर्क कार्ड न सापडल्यास पुढे जात नाही. सिक्युअर बूटसाठी मायक्रोसॉफ्टने २०११ साली दिलेल्या प्रमाणपत्रांची मुदत २०२६ मध्ये संपते आहे, त्यांची जागा २०२३ ची प्रमाणपत्रे घेत आहेत, आणि केवळ नवी प्रमाणपत्रे मानणाऱ्या सर्व्हरवर जुन्या स्वाक्षरीचा पेनड्राइव्ह उठणार नाही. या कारणांसाठी प्रत्येक पेनड्राइव्हला प्रणालीचे नाव, आवृत्ती, तयार केल्याची तारीख आणि आयएसओच्या ठशाचे पहिले आठ अंक लिहिलेली चिठ्ठी बांधावी, आणि होस्टची आवृत्ती बदलली त्याच दिवशी तो पेनड्राइव्हही नव्याने लिहून, परत वाचून, ताडून ठेवावा.